कुंदाताईंचे डोंगर

कुंदाताई गेल्याचं मला नागपूरहून कळलं. त्या गेल्या डब्लिनमध्ये, माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर असलेल्या हॉस्पिटलात. पण कागदावर जवळचा नातेवाईक म्हणून त्यांच्या भाच्याचं, प्रसन्नचं नाव होतं, त्यामुळे बातमी आधी तिकडे गेली आणि मग माझ्याकडे परत आली. सकाळची वेळ होती. मी डिशवॉशरमधली भांडी काढून प्रेसमध्ये लावत होते. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आता माझ्याही तोंडात तेच बसलंय. "मावशी गेली," प्रसन्न म्हणाला, "तुम्हाला कळलंच असेल म्हणा." नव्हतं कळलं. हातात कुकरचं झाकण होतं, ते जागेवर ठेवलं, उरलेले चमचे पुसले, आणि मग खुर्चीत बसले. रडू आलं नाही. खूप दमलेल्या माणसाला बसायला मिळाल्यावर जे वाटतं ते वाटलं, आणि त्याची लाज वाटली...

या गोष्टीला पाच आठवडे झाले. पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहाल का, अशी विचारणा झाली तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. मग वाटलं, त्यांनी मला विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलंय. खरं तर मी उत्तर दिलं होतं, पण ते खोटं होतं. म्हणून लिहितेय.

आम्ही दोघी सँट्रीतल्या एका भाषांतराच्या ऑफिसात काम करायचो. विमानतळाजवळची काचेची इमारत, खाली कॉफीचं दुकान, वर आम्ही. ॲपमधली बटणं, सूचना, नकाशे हे सगळं जगभरच्या भाषांत नेणं हा आमचा धंदा. कुंदाताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. मूळच्या नागपूरच्या, एम.ए.साठी पुण्याला आल्या, तिथे जर्मनच्या वर्गात जागा उरली नव्हती म्हणून स्पॅनिशला बसल्या आणि त्या एका नसलेल्या जागेवर त्यांचं सगळं आयुष्य उभं राहिलं. लग्न केलं नाही. बोलायच्या नागपुरी, लिहायच्या मात्र अगदी शुद्ध, पुस्तकी. पहिल्याच दिवशी मी डबा न उघडता स्क्रीनकडे बघत बसले होते, तर मागून आवाज आला, "काय गं, काय करून राहिली? जेवली नाही का अजून?" परक्या देशात कुणी जेवलीस का विचारलं की माणूस निम्मा त्याचा होतो. मी तर पूर्णच झाले.

आमच्या कामाची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे मराठी, एकाखाली एक ओळी. एकीनं भाषांतर करायचं, दुसरीनं ते तपासायचं, आणि ओळ पटली की ती हिरवी करायची. काही शंका असेल तर ओळीच्या कडेला शेरा लिहायचा. शेजारी बसूनही आम्ही निम्मं शेऱ्यांतूनच बोलायचो. "हा शब्द जड आहे का?" "आहे." "संध्याकाळी दुकानात येतेस?" "येते." आणि शुक्रवारी, चार वाजता, हजार ओळी शिल्लक असताना आम्ही सगळेच एक पाप करायचो... सगळ्या ओळी एकदम निवडायच्या आणि एका फटक्यात हिरव्या करायच्या. सगळे म्हणजे कुंदाताई सोडून. त्या कपाळावर हात मारून म्हणायच्या, "पोरी, वाचून हिरवं कर. समोरच्याला वाटते ना, तू वाचलं म्हणून."

डोंगरांचं वेड असंच कामातून लागलं. डोंगर चढणाऱ्यांच्या एका ॲपचे नकाशे आमच्याकडे आले. मोठ्या पर्वतांबरोबर अमेरिकेतले शेकडो लहान डोंगर, बहुतेकांची नावं स्पॅनिश, आणि सूचना अशी की नावांचा अर्थ द्यायचा नाही, फक्त अक्षरं मराठीत लिहायची. बाकीच्यांना हायसं वाटलं, काम सोपं झालं. कुंदाताईंच्या मात्र जिवाला लागलं. "आता हे बघ," त्या म्हणाल्या, "सिएरा नेवादा. वाचणाऱ्याला काय कळणार? कपाळ? सिएरा म्हणजे करवत गं, डोंगराचे दात दिसतात म्हणून. नेवादा, बर्फ पडलेली. कोणीतरी लांबून पाहिलं आणि म्हणाला, बघा, बर्फाची करवत. एवढं सुंदर बोलला तो माणूस, आणि आपण त्याचं बोलणं झाकून ठेवायचं?"

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची एक फाइल सुरू केली, ऑफिसातल्यासारखीच, ओळी आणि रकाने पाडून. डोंगराचं नाव, त्याचा स्पॅनिश अर्थ, तसं नाव का पडलं, आणि मराठीत काय म्हणावं. डब्याच्या सुट्टीत मला रोज एक डोंगर मिळायचा. सांदिया म्हणजे कलिंगड: कुणी म्हणतात संध्याकाळी तो डोंगर आतून कापल्यासारखा लाल दिसतो म्हणून, कुणी म्हणतात स्पॅनिश लोकांनी तिथल्या भोपळ्यांना कलिंगडं समजलं म्हणून. त्याच्या शेजारचा मान्सानो, म्हणजे सफरचंदाचं झाड. "एकाला कलिंगड, दुसऱ्याला सफरचंद. भूक लागली असंन बिचाऱ्यांना," कुंदाताई म्हणायच्या. लाद्रोनेस म्हणजे चोर, तिथे चोर लपायचे म्हणतात. सांग्रे दे क्रिस्तो, ख्रिस्ताचं रक्त. मी वरणभात खात ऐकायचे आणि मधूनमधून टोमणे मारायचे. "कुंदाताई, तुम्ही कधी टेकडी तरी चढलात का?" "आमच्या नागपुरात डोंगर म्हणजे रस्त्याच्या कामाची गिट्टी," त्या म्हणायच्या, "तिच्यावर मात्र पुष्कळ चढली." आयुष्यात एकदाच स्पेनमधल्या ग्रॅनडाला गेल्या होत्या, मूळ सिएरा नेवादा बघायला. चार दिवस राहिल्या आणि चारही दिवस डोंगर ढगात होता.

फाइलीत एक रकाना होता, "आधीचं नाव". स्पॅनिश लोक यायच्या आधी तिथले लोक त्या डोंगराला काय म्हणत होते ते. हा रकाना त्यांना फार छळायचा. कलिंगडाच्या डोंगराला तिथल्या एका मूळ भाषेत कासवाचा डोंगर म्हणतात हे सापडलं तेव्हा त्या दिवसभर खुशीत होत्या. पण बहुतेक ओळींत त्यांनी "माहीत नाही" असं लिहिलं होतं. रिकामं ठेवलं नव्हतं, हे मला फार उशिरा दिसलं. "रिकामं ठेवलं तर वाटते, विचारलंच नाही कोणी," त्यांनी एकदा सांगितलं होतं. मी तेव्हा बहुधा फोनमध्ये होते.

एका रविवारी मी त्यांना डब्लिनच्या दक्षिणेला, विकलो भागातला शुगरलोफ डोंगर दाखवायला नेलं. माझा नवरा निखिल आठवडाभर स्लायगोला असतो, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात, आणि शुक्रवारी रात्री घरी येतो. त्या रविवारी तो झोपला होता आणि मला घरातून पळायचं होतं. शुगरलोफ म्हणजे साखरेची ढेप, आणि स्पॅनिशमध्ये याच अर्थाचं पान दे आसुकार असं नाव दक्षिण अमेरिकेत कितीतरी डोंगरांना आहे, म्हणून कुंदाताईंना तो "पाहुण्यासारखा" भेटायचा होता. गुडघ्यांमुळे त्या चढल्या नाहीत. गाड्या लावायच्या जागेशी दगडावर बसल्या, थर्मासमधला चहा काढला आणि लोकांना वर जाताना बघत राहिल्या. एक म्हातारा कुत्रा घेऊन उतरत होता. त्यांनी त्याला थांबवून विचारलं, याचं जुनं नाव काय? तो म्हणाला, "ओ कुआलन, आयरिशमध्ये." अर्थ विचारला तर म्हणाला, कुआलन हा इथला जुना मुलूख, बाकी मला विचारू नका. कुंदाताईंनी ते लगेच वहीत लिहून घेतलं. परतताना गाडीत अंगठीसारखं ते नाव फिरवत होत्या. "युअर मॅनला माहीत होतं बघ," त्या म्हणाल्या. इथले लोक कुणा अनोळखी माणसाला युअर मॅन म्हणतात, तेच. "विचारलं म्हणून सांगितलं त्यानं."

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी मला फाइलची लिंक पाठवली, दोघींना एकच फाइल दिसेल अशी. तीनशेच्या वर ओळी. पुस्तक करायचं डोक्यात होतं, आणि पहिली तपासणी मीच करायची असा हट्ट. "तू सांगशील तसं," म्हणाल्या. मी हो म्हणाले. माझं तेव्हाचं आयुष्य सांगते, सबब म्हणून नाही, कारण सबबी मला आता पाठ झाल्यात. निखिल स्लायगोला, सासूबाई तीन महिन्यांसाठी आलेल्या, माझ्या मुलीचं, इराचं परीक्षेचं वर्ष, आणि स्वोर्ड्सच्या घरून सँट्रीला रोज बस. मी सकाळी उठायचे तीच दमलेली. फाइल उघडायचे, दोन ओळी वाचायचे, डोळे मिटायचे. कुंदाताई विचारायच्या नाहीत, नुसतं बघायच्या. ते बघणं मला बोचायला लागलं. मग सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी, इराच्या खेळाच्या मैदानाबाहेर गाडीत बसलेली असताना, पावसात काचा धुरकट झालेल्या असताना, मी लॅपटॉप उघडला, सगळ्या ओळी निवडल्या आणि एका फटक्यात हिरव्या केल्या. ओझं उतरलं. इरा चिखल घेऊन गाडीत आली तेव्हा मी चक्क गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी कुंदाताई मला ऑफिसच्या स्वयंपाकघरात भेटल्या. चेहरा कसला फुलला होता त्यांचा... "वाचलं सगळं?"

"हो ना. मस्त झालंय."

"शेवटच्या ओळींपर्यंत?"

"अहो हो, सगळं."

त्यांनी माझा हात धरला. त्या सहसा कुणाला हात लावत नसत. "मग ठरलं तर," म्हणाल्या. मला वाटलं पुस्तकाचं. मी म्हणाले, "ठरलं."

पुढच्या मंगळवारी त्या रजेवर होत्या. मी दिवसभर कसल्याशा प्रशिक्षणात अडकलेली. अकराच्या सुमाराला त्यांचा फोन येऊन गेला. मी बाकाखाली हात धरून मेसेज केला, "मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू." थोड्या वेळाने एका शब्दाचं उत्तर आलं, "ग्रँड." इथे सगळं काही ग्रँड असतं. हवा वाईट असली तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. मी नंतर फोन केला नाही. विसरले. बुधवारी त्या नेहमीसारख्या आल्या, मला चिवड्याचा डबा दिला. कुठे होतात काल, असं विचारलं तर म्हणाल्या, "एक तपासणी होती, पुढची तारीख दिली." मी म्हणाले, "वा, फुकटची सुट्टी मिळाली म्हणजे." त्या हसल्या. खरोखर हसल्या, मला अजून दिसतात.

पुढची तारीख सात आठवड्यांनी आली. त्या वेळी त्यांच्या खालच्या फ्लॅटमधल्या नोरीनबाई त्यांच्याबरोबर गेल्या. तपासणीत जे निघालं ते निघालं. मग हिवाळा हॉस्पिटलमध्ये आत-बाहेर करण्यात गेला. मी दर रविवारी जायचे, खिचडी घेऊन, फार तर तासभर. मला वाटायचं मी खूप करतेय. त्या पलंगावर लॅपटॉप मांडीशी घेऊन अजून त्याच ओळींचे रकाने भरत असायच्या. शेवटच्या भेटीत बोलायला त्रास होत होता. मी उठले तसं म्हणाल्या, "तो शब्द पटला होता ना तुला?"

"कोणता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "राहू दे. बस चुकेल तुझी." मी गाडी आणली होती. तरी निघाले.

अंत्यविधीनंतर प्रसन्नचा फोन आला. मावशीची ती डोंगरांची फाइल छापून काढता येईल का, चार घरांत द्यायला. मी म्हटलं, पाठवते, फक्त एकदा नजर टाकते. शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून मी ती फाइल पहिल्यांदा वाचली. वाचता वाचता शेवटाकडे आले. उएर्फानो. अमेरिकेतल्या सपाट माळावर एकटाच उभा असलेला लहानसा काळा डोंगर, आजूबाजूला कुणी भावंडं नाहीत, म्हणून स्पॅनिश लोकांनी त्याला हे नाव दिलं. आधीचं नाव, माहीत नाही. आणि कडेला शेरा होता, सप्टेंबरमधल्या त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी टाकलेला, माझ्या नावाने, त्यांच्या शुद्ध मराठीत. जसाच्या तसा देते.

"वैशाली, इथे 'अनाथ' लिहावे की 'पोरका'? मला पोरका बरा वाटतो. पोरक्याचे कुणीतरी होते, ते गेले. तू सांगशील ते. आणि दुसरे म्हणजे, येत्या मंगळवारी साडेदहाला माझी पोटाची दुर्बिणीची तपासणी आहे. गुंगीचे औषध देतात, त्यामुळे घरी न्यायला कुणीतरी सोबत लागते, नाहीतर तपासणी करतच नाहीत. तू येशील का? तोंडाने विचारायला संकोच वाटतो, तुझी किती ओढाताण होते ते मी पाहते. येणार असशील तर ही ओळ हिरवी कर. नसशील तर तशीच ठेव. मला मुळीच वाईट वाटणार नाही."

ओळ हिरवी होती. शेजारी माझं नाव आणि तो गुरुवार.

इरा पाणी प्यायला आली. मला बघून तिनं विचारलं, काय झालं. मी तिला शेरा वाचून दाखवला. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इथल्याच इंग्रजीत येतं. तिनं ग्लास टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "सो शी थॉट यू वेअर कमिंग, मम." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी दुसऱ्या दिवशी नोरीनबाईंकडे गेले. मला माहीत करून घ्यायचं होतं. त्यांनी चहा केला आणि सांगितलं ते असं: कुंदाताई त्या मंगळवारी टॅक्सीने एकट्या गेल्या. न्यायला कोण येणार, असं नर्सनं विचारल्यावर माझं नाव सांगितलं, कपडे बदलून बसल्या. मी दिसेना तेव्हा नर्स फोन करायला म्हणाली. माझा मेसेज आल्यावर त्यांनी तिला सांगितलं, काहीतरी गैरसमज झाला. मग कपडे घालून बसने घरी आल्या. "शी सेड यू हॅड इनफ ऑन युअर प्लेट," नोरीनबाई म्हणाल्या, "द क्रेचर." जीव हळहळला की इथली म्हातारी माणसं असंच म्हणतात. त्या हे कुंदाताईंबद्दल म्हणाल्या असणार. पण माझ्याकडे बघत म्हणाल्या.

त्या सात आठवड्यांनी काही फरक पडला असता का, हे मी ओळखीच्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही. तो खोटं बोलून मोकळा होऊ शकला असता, झाला नाही, त्याबद्दल त्याचे आभार मानते. निखिल म्हणतो, तू मुद्दाम थोडंच केलंस? नाही केलं. मी दमले होते एवढंच. दमलेल्या माणसाला सगळं माफ असतं असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

मला राग त्यांचाही येतो, हे लिहूनच टाकते. अहो कुंदाताई, तोंडानं का नाही विचारलंत? ज्या बाईनं दगडावर बसून वाटेवरच्या म्हाताऱ्याला हटकलं, तिला मला एक फोन करून "ये" म्हणता येत नव्हतं? "नंतर बोलू" म्हणाले, तर नंतर भांडायचं होतंत. ग्रँड कसलं लिहिता? मग आठवतं, त्यांनी विचारलं होतं. आमच्या दोघींच्या रीतीने, जिथे मी नक्की बघेन असं त्यांना वाटलं तिथेच विचारलं होतं. स्वयंपाकघरात माझा हात धरून पुन्हा एकदा खात्रीही करून घेतली होती. आणि हॉस्पिटलच्या पलंगावरून तिसऱ्यांदा. मी न वाचताच हिरवं केलं होतं, हे त्यांना तेव्हा कळलं असणार. तरी बस चुकेल म्हणाल्या.

प्रसन्नला मी अजून फाइल पाठवलेली नाही. थोडा वेळ दे म्हटलंय. मी सगळ्या ओळींचा हिरवा रंग काढून टाकला आहे, आणि आता रोज सकाळी सँट्रीच्या बसमध्ये एक एक डोंगर वाचते. नाव, अर्थ, आधीचं नाव. "माहीत नाही" असेल तर तेही वाचते. पटलं की ओळ हिरवी करते. एखादा शब्द नाही पटला तर कडेला शेरा लिहिते, सवयीने, आणि मग लक्षात येतं की उत्तर येणार नाही. कधी एका बसमध्ये तीस डोंगर होतात, कधी पाच-सहाच. अजून दमतेच मी. पण दमून वाचते. काल शेवटच्या ओळीपर्यंत पोचले.

उएर्फानोपुढे मी "पोरका" लिहिलं. बरोबर आहे तुमचा शब्द, कुंदाताई, दुसरा नको. बाकीच्या सगळ्या ओळी आता हिरव्या आहेत. येणार नसशील तर तशीच ठेव, असं तुम्ही लिहिलं होतंत. ती ओळ मी तशीच ठेवली आहे.